अर्धं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या माणसाला आपलं दुःख सांगून बघा एकदा. तुम्ही म्हणालात की डोकं दुखतं, तर तो तुम्हाला काढा सांगणार, वैद्य सांगणार, त्या वैद्याचं घर कुठल्या आळीत आहे ते सांगणार, आणि शेवटी गेल्या वर्षी त्याचं स्वतःचं डोकं किती ठणकलं होतं तेही ऐकवणार. तुमचं डोकं राहिलं बाजूला. अशा गावात बेहेरेबाईंनी कॉलेजच्या पोरांना ऐकायला शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा स्टाफरूममधल्या मंडळींनी त्यांच्या माघारी यथेच्छ करमणूक करून घेतली. कान काय सगळ्यांनाच असतात, त्यात शिकवायचंय काय, असं एकाने विचारलंसुद्धा. बाईंनी त्यालाही शांतपणे ऐकून घेतलं म्हणे.

साल शहाऐंशी. बाई मानसशास्त्र शिकवायच्या. समुपदेशन हा शब्द तेव्हा इतका नवा होता की नोटीसबोर्डावर तो वाचताना पोरं अडखळायची. शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर हा वर्ग भरायचा. परीक्षा नाही, मार्क नाहीत, अभ्यासक्रमात नावसुद्धा नाही. तरी मूठभर पोरं यायची. कुणाची एस.टी. चारला असायची, कुणाला बाईंबद्दल नुसतं कुतूहल होतं. खरोखर शिकायला म्हणून आलेली एकच, ती म्हणजे राही.

राही संगमेश्वरकडच्या आतल्या गावातली, शेतकरी घरातली मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बाप मुंबईला गोदीत, त्यामुळे ती वाढली चुलत्याच्या, आप्पांच्या हाताखाली. आप्पा गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कुणावर काही संकट आलं की तो नारळ घेऊन यायचा, देवापुढे खाली मान घालून उभा राहायचा, आणि त्याच्या पोटातलं सगळं आप्पा खणखणीत आवाजात देवाला सांगायचे. आप्पांचं वाक्य संपलं की जमलेली माणसं ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. लहानपणापासून राही ते ऐकत आली होती. आप्पांचा आवाज तिच्या रक्तातच उतरला होता म्हणा ना.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी बाईंनी पोरांच्या जोड्या लावल्या. एकाने आपली एखादी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची, आणि जे ऐकलं ते आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट तर मुळीच काढायची नाही. बोलायला सोपं वाटतं, पण करून बघा. बाबू नावाच्या मुलाला त्याच्या जोडीदाराने झोप येत नाही म्हणून सांगितलं, तर बाबूने अर्ध्या मिनिटात त्याला पायाच्या तळव्यांना तेल चोळायला लावलं आणि कुठल्या दुकानातलं तेल चांगलं तेही सांगून टाकलं. बाकीच्या जोड्यांतही असंच काहीबाही चाललं होतं.

राहीच्या वाट्याला गंगा आली. गंगाच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, तिला पुढे शिकायचं होतं आणि बापासमोर तोंड उघडत नव्हतं. राहीने सगळं ऐकलं आणि सुरुवात केली. हिच्या मनात एक आहे आणि घरात दुसरंच शिजतंय. बोलावं तर बापाचा मान जातो, न बोलावं तर हिचा श्वास अडतो. गंगाचे डोळे भरून आले, कारण तिच्या मनातलं इतकं नेमकं आजवर कुणी बोललंच नव्हतं. इथे थांबली असती तर प्रश्न नव्हता. पण राहीचा आवाज चढला, नजर छपराकडे गेली, हात आपसूक जोडले गेले आणि ती म्हणाली, ‘तर जी काय आडकाठी असेल ती दूर कर, हिच्या बापाला सुबुद्धी दे आणि लेकराचं भलं कर.’

मागच्या बाकावरून एकमुखाने आलं, ‘होय महाराजा.’

मग काय, वर्गात हसून हसून पुरेवाट. गंगाही डोळे पुसत हसली, आणि तिच्या ओठांशी आलेलं होतं नव्हतं ते सगळं परत आत गेलं. राहीला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईसुद्धा हसल्या, चष्मा काढून पदराने डोळे पुसण्याइतक्या हसल्या. पण वर्ग सुटल्यावर त्यांनी राहीला थांबवून घेतलं.

‘अर्धं गाऱ्हाणं तू इतकं छान घातलंस, की तसं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरं अर्धं सोडून दे. पहिल्या अर्ध्यात तू गंगाकडे बघत होतीस. दुसऱ्यात देवाकडे बघायला लागलीस, आणि गंगा एकटी पडली.’

आता बघा, दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती की हे देवळातलं देवळात ठेव, इथे शास्त्र शिकतोय आपण. बेहेरेबाईंनी तसं केलं नाही. पोरीच्या हातात जे होतं तेच तिला उचलायला लावलं. शिकवावं तर असं.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. राहीला ते वळायची वेळ आली ती दिवाळीनंतर, आणि आली ती तिच्या स्वतःच्या खोलीत.

हॉस्टेलात तिच्या खोलीत कमळा राहायची. कमळा पूर्णगडची, मच्छीमाराची मुलगी, दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या आळीतून कॉलेजात पाय ठेवलेली पहिलीच मुलगी, आणि त्याचा तोरा तिच्यापेक्षा तिच्या थोरल्या भावालाच जास्त. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे भाऊच बाप. त्याचं नाव दत्ताराम. जाळ्याच्या कामाला मिरकरवाड्याच्या बंदरात आला की वाट वाकडी करून हॉस्टेलवर यायचा, सुक्या बांगड्यांची पुडी बहिणीच्या हातात द्यायचा आणि वासावरून रेक्टरबाईंची बोलणी हसत हसत खाऊन जायचा. दिवाळीच्या सुट्टीत कमळा घरी असताना एका सकाळी त्याची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बाकीचे पोहून आले. दत्ताराम दुसऱ्या दिवशी गावखडीच्या किनाऱ्याला सापडला.

दिवसकार्य उरकल्यावर कमळा हॉस्टेलला परत आली खरी, पण ती यायची म्हणून आली. पुस्तक उघडून बसायची ते तेच पान सांजेपर्यंत. ताटातला भात तसाच. समाचाराला म्हणून मुली खोलीत यायच्या, देवाची मर्जी म्हणायच्या, आता आईकडे बघून सावर म्हणायच्या, आणि आपलं काम झालं अशा चेहऱ्याने जायच्या. कमळा त्यांच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघायची. मग एक दिवस तिच्या मामाचा, केरूमामाचा, एस.टी.च्या कंडक्टरकरवी निरोप आला की रविवारी न्यायला येतो, ट्रंक भरून ठेव. राही मामावर चिडली, तेव्हा कळलं की मामाचा काही दोषच नाही. कमळानेच त्याला सांगून पाठवलं होतं की मला इथे राहायचं नाही, कॉलेज सोडायचंय, कायमचं घेऊन जा.

ही पोरगी एकदा गेली की पुन्हा येत नाही, हे राहीला स्वच्छ दिसत होतं. हातात काय तेवढे दोन दिवस.

शुक्रवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या गॅलरीत तिने कमळाला गाठलं आणि बाईंनी शिकवलेलं सगळं पणाला लावलं. घरात दादाची जागा रिकामी झाली आणि तू इथे पुस्तकात डोकं घालून बसलीस, हे तुला सहन होत नाही, असं ती म्हणाली. कमळाने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. तिचे ओठ हलले. आणि इथेच राहीच्या अंगात आप्पा शिरले. ती घाईघाईने बोलून गेली की सगळं नीट होईल, दादाच्या आत्म्याला शांती मिळेल, तू शिकावंस हीच त्याची इच्छा होती. कमळाने कठड्यावरचा टॉवेल उचलला आणि ती आत निघून गेली. खोलीत तिने ट्रंक ओढून पलंगाखालून बाहेर काढली, तो आवाज राहीला गॅलरीत ऐकू आला.

शनिवारी राही तडक बाईंकडे गेली. तुम्हीच चला, माझ्याच्याने होत नाही, तुम्ही बोललात तर ती ऐकेल, असं म्हणत तिने सगळी हकीकत सांगितली. बाई रिकाम्या वर्गात तिच्या शेजारी बाकावर बसल्या. सगळं संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुला वाटतंय, ती दारापर्यंत आली होती आणि तूच दार लावलंस.’

आणि थांबल्या. राही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलंच नाही. बाई तिच्याकडे नुसत्या बघत होत्या, जगात दुसरं कामच नसल्यासारख्या. एखाद्याची तळमळ समोर दिसत असताना एका वाक्यावर थांबायचं, ह्याला छाती लागते हो. आपल्याला तेवढा वेळ गप्प बसवतच नाही. त्या शांततेत राहीला रडू फुटलं, आणि रडता रडता तिचं तिलाच उमगलं की शुक्रवारी धीर दिला तो कमळाला नव्हताच. कमळाचा चेहरा तिला बघवत नव्हता, म्हणून तिने स्वतःच्याच मनाची समजूत काढली होती. बाईंनी तिला रडू दिलं. मग, मी आले तर ती उभी राहील आणि बरं बाई म्हणेल, बोलायची झाली तर तुझ्याशीच बोलेल, एवढंच सांगून त्या उठल्या.

रविवारी सकाळी कमळा हॉस्टेलमागच्या विहिरीवर कपडे धूत होती. जाण्याआधी सगळे धुऊन घ्यायचे होते. राही काही न बोलता रहाटाशी उभी राहिली आणि तिला पाणी शेंदून देऊ लागली. थोड्या वेळाने म्हणाली, शुक्रवारी मी फार बोलले. कमळा दगडावर कपडे आपटत राहिली. राहीनेही बादली विहिरीत सोडली आणि तोंड मिटून घेतलं. असा बराच वेळ गेला.

‘दादा निघाला तेव्हा मी दारात दात घासत होते,’ कमळा हातातल्या कपड्याकडे बघत म्हणाली. ‘मी त्याला विचारलं, दादा, कुठे चाललास?’

राहीच्या हातातला दोर तसाच राहिला. कोकणात घराबाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून विचारत नाहीत, अपशकुन होतो. दर्यावर निघालेल्याला तर नाहीच नाही. कोळ्याच्या घरातल्या एवढ्याशा पोरालाही हे सांगावं लागत नाही.

‘हॉस्टेलात आपण दिवसभर तेच करतो ना गो. कुठे चाललीस, कुठे गेली होतीस. तीच सवय लागली तोंडाला. तो हसला. म्हणाला, तुझ्या कॉलेजात चाललोय. आणि गेला.’

आता राहीच्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. खुळी आहेस काय, शब्दाने कधी होडी उलटते का, हे आलं. तुझा काय दोष, हे आलं. शेवटच्या वर्षाचं मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक आलं, आणि हात जोडून आप्पाही आले. तिने सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं.

‘तुला वाटतं, तू विचारलंस म्हणून दादा गेला,’ ती म्हणाली. ‘आणि इथे शिकायला आली नसतीस, तर विचारलंच नसतंस.’

ती थांबली. नजर छपराकडे गेली नाही, कमळावरून हललीही नाही. कमळाने हो म्हटलं, आणि हातातला ओला परकर तोंडाशी धरून ती जी रडायला लागली, ती लागलीच. राही तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसून राहिली. उगी म्हणाली नाही. पाठीवरून हात फिरवावासा वाटला, तोही कमळाने स्वतःच तिचा हात धरला तेव्हा फिरवला.

मग कमळा म्हणाली, आईला हे ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती माझं तोंड बघायची नाही. राहीने विचारल्यासारखं म्हटलं, की आईला कळेल ह्याची भीती तुला जास्त आहे. कमळाने मान हलवली. नाही, ती म्हणाली, तिला न कळता तिच्यासमोर वावरायचं, त्याची जास्त आहे. राहीचा अंदाज चुकला, पण त्या चुकीतूनच कमळाला खरं सापडलं. बाई म्हणायच्या तेच हे. तुमचं बरोबर यायला हवं असं काही नाही, समोरच्याचं त्याला सापडायला हवं.

दुपारी केरूमामा आला तेव्हा ट्रंक भरलेली होती. कमळा त्याला म्हणाली, ट्रंक इथेच राहू दे, मी आधी आईशी बोलणार. मामाला काही उलगडा होईना. राहीही बरोबर निघाली, आणि तिघं पावसवरून जाणाऱ्या एस.टी.ने पूर्णगडला पोचली.

कमळाची आई, हौसा, चुलीशी बसली होती. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती आणि कुणाशी धड बोललीही नव्हती. शेजारणी येत, बसत, जात. कमळा सरळ तिच्यापुढे जाऊन बसली आणि जे विहिरीवर सांगितलं ते जसंच्या तसं तिने आईला सांगितलं. राही दाराशी उभी होती. ही बाई आता पोरीला काय बोलेल, एखादा शब्द असा काढेल की तो जन्मभर पुसला जायचा नाही, ह्याचीच तिला धास्ती होती. कमळाचा तर त्या शब्दावर जीवच टांगलेला होता.

हौसाने चिमट्याने निखारे सारखे केले.

‘तो वळणापर्यंत गेला न माझ्या ध्यानात आलं, भाकरी हितंच राहिली,’ ती म्हणाली. ‘मी मागून हाक मारली. दर्यावर चाललेल्या पोराला मी मागून हाक मारली. तो परत आला, भाकरी घेतली न गेला. मी तोंड मिटून बसले असते, तर एक दिस उपाशी राहिला असता. एवढंच ना झालं असतं.’

म्हणजे एका घरात दोन बाया, एकीचा भाऊ गेलेला, एकीचा लेक, आणि दोघी आपापला दोष पोटात दडवून एकमेकींपासून तोंड लपवत होत्या. राही पुढे झाली. आता तरी काहीतरी बोलायलाच हवं होतं, ह्या बाईला कुणीतरी सांगायलाच हवं होतं की नाही, तसं नाही. पण तिच्याआधी कमळा बोलली.

‘आये,’ ती म्हणाली, ‘तुला वाटतं, तू हाक मारलीस म्हणून दादा गेला.’

आणि कमळा थांबली. बेहेरेबाईंच्या वर्गात एकदाही न बसलेली कमळा. तिने आईची समजूत काढली नाही, शपथ घातली नाही, माझा दोष मोठा की तुझा असा वादही घातला नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर आईवरून काढली नाही. राही दाराला टेकली. ती महिनोन् महिने शनिवारी जे शिकत होती ते ह्या मुलीने सकाळी एकदा अनुभवलं आणि संध्याकाळी दुसऱ्याला दिलं. राहीला तिचा हेवा वाटला नाही, नुसता अभिमान वाटला, जिवाभावाचा.

हौसाने पोरीच्या गळ्यात हात टाकले आणि तिचा हंबरडा आळीभर गेला. शेजारची भागूबाई धावत आली. उगी, अशी देवाची मर्जी, म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. केरूमामाने तिला उंबऱ्याबाहेरच थोपवलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. मामाला हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राही आणि कमळा एस.टी.साठी निघाल्या. कमळाने कॉलेजचं काही बोलून दाखवलं नव्हतं, आणि राहीनेही विचारलं नव्हतं, हे विशेष. ‘येते गो आये,’ म्हणून कमळा पायऱ्या उतरली. हौसा दारात उभी होती. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून बघत होत्या. दोघी वळणाशी पोचल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘कमळे.’

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. केरूमामाचा चेहरा पांढरा पडला. कमळा जागच्या जागी थांबली, आणि राहीने बघितलं, तिचे खांदे क्षणभर ताठ झाले. मग ती पूर्ण वळली. हौसा दाराची चौकट घट्ट धरून उभी होती, पण तिने हाक मागे घेतली नाही.

‘शनिवारी येशील ना?’ तिने विचारलं.

‘येईन,’ कमळा म्हणाली. शनिवारी कॉलेज सुटल्यावर दुपारच्या एस.टी.ने ती घरी पोचली, तेव्हा हौसा वळणावरच उभी होती.